ह्या ओट्याखाली कोण?

दिवाळी तोंडावर आली की नांदेडला गोदावरीच्या घाटावर घागरींची रीघ लागते. निळ्या-केशरी पगड्यांतले पुरुष, ओढणी कपाळापर्यंत ओढलेल्या बाया, शाळेला सुटी लागलेली पोरं नदीवर पाणी भरतात आणि सचखंड हुजूर साहिबापर्यंत वाहून नेतात. त्या पाण्यानं तख्त धुतलं जातं, जुनी शस्त्रं घासूनपुसून पुन्हा जागच्या जागी ठेवली जातात. याला तख्तस्नान म्हणतात. मजुरी कुणाला नाही, निमंत्रण कुणाला नाही. ज्याला यावंसं वाटतं तो येतो आणि घागर उचलतो.

हे सगळं ज्या जागेसाठी चालतं ती मुळात एका चितेची जागा आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इथेच त्यांचं देहावसान झालं. अंत्यसंस्कार झाले त्या जागेला अंगीठा साहिब म्हणतात. तिच्यावरची वास्तू पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात उभी केली. म्हणजे मधली सव्वाशे वर्षं ती जागा सांभाळली ती इथे मागे राहिलेल्या मोजक्या शिखांनी, पंजाबपासून शेकडो कोस लांब, परक्या मुलखात. तख्तासाठी रोज गोदावरीचं पाणी आणणाऱ्या सेवेकऱ्याला घागरिया सिंग म्हणतात. पाणी आणणं हे तिथे मानाचं पद आहे.

घाटाच्या पायरीवर उभी राहून मी ते बघत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गावचा बेल येत होता. आता नसलेला.

*

माझं माहेर औसा तालुक्यातलं. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत. 'पुरलं' असंही घरात कुणी म्हणत नाही. 'समाधी दिली' म्हणतात, आणि माणूस 'लिंगैक्य झालं' म्हणतात. देहाला स्नान घालून, विभूती लावून मांडी घालून बसवतात आणि फुलांनी सजवलेल्या विमानातून तसंच बसलेलं नेतात. डाव्या तळव्यावर इष्टलिंग असतं. खड्ड्यातही बसवूनच ठेवायचं, भोवती मीठ, विभूती, बेलाची पानं. जंगमाचे मंत्र होतात, सगळे एकेक मूठ माती लोटतात. वर दगड रचतात. ऐपत असेल त्यांचा ओटा होतो, त्यावर पिंड आणि नंदी बसतो. नसेल त्यांचा दगडच राहतो.

त्या दगडावर नाव नसतं. सालही नसतं. गरजच नव्हती. कोण कुठे आहे ते घरातल्या बायांना पाठ असायचं. अमावास्येला नारळ घेऊन जायचं तर पोरासोरांनाही वाट माहीत असायची. माझ्या पणजीची जागा बेलाखाली होती. १९७२च्या दुष्काळात तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि आपल्या वाट्याची सुकडी पदरात बांधून नातवंडांसाठी घरी आणली, एवढंच मला तिच्याबद्दल ठाऊक आहे. पुढच्या दोन-तीन वर्षांत ती गेली. बेलाच्या बुंध्यापाशी एक सपाट काळा दगड होता, तिरपा, एका कडेनं जमिनीत रुतलेला. लहानपणी मी त्यावर बसून चिंचा खाल्ल्या आहेत आणि त्यासाठी कुणी रागावल्याचं आठवत नाही.

काही वर्षांपूर्वी गावातल्या तरुण पोरांनी मनावर घेतलं. रुद्रभूमीत, म्हणजे आमच्या स्मशानात, येडी बाभळ इतकी माजली होती की विमान आत न्यायला वाट उरली नव्हती. एका मयताच्या वेळी खांदेकऱ्यांच्या पायांत काटे गेले, एकाचा पाय पंधरा दिवस सुजलेला होता. पोरांनी वर्गणी काढली, जेसीबी आणला. एका दिवसात बाभळ गेली, जमीन सपाट झाली, कडेनं कुंपणाच्या पाट्या लागल्या, शोभेची रोपं लागली. फोटो गावभर फिरले. मीही लातूरला बसून ते पाहिले आणि शाबासकी कळवली. माझा चुलत भाऊ त्यात पुढे होता.

पुढच्या अमावास्येला गेले तेव्हा बेल नव्हता. दगडही नव्हता. ओट्यांपैकी जे पक्के, सिमेंटचे, म्हणजे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले, ते राहिले होते. त्याआधीचं सगळं ओढ्याच्या काठाला ढिगात जाऊन पडलं होतं. त्या ढिगात शंभरेक दगड असतील. पणजीचा त्यातला कोणता, हे मला ओळखता आलं नाही.

भाऊ माझ्याशेजारी उभा होता. त्याची नियत चांगली होती, आजही आहे, आणि म्हणूनच मला हा लेख लिहावासा वाटला. वाईट हेतूनं स्मशान मोडणारे असतात, जागा बळकावणारे असतात, त्यांच्याशी भांडता येतं. पण प्रेमानं, घाम गाळून, स्वतःच्या खिशातले पैसे घालून जेव्हा आपणच आपली माणसं पुसून टाकतो तेव्हा कुणाशी भांडायचं? आमची बाभळ काढणं गरजेचं होतं. त्याआधी एक वही घेऊन गावातल्या म्हाताऱ्या माणसांना तिथे फिरवून आणायला हवं होतं. ते काम आठ दिवसांचं होतं.

*

त्या ढिगानंतर आम्ही रविवारचं काम सुरू केलं. सोयाबीनची रास झाली की हात मोकळे होतात, म्हणून दसऱ्यानंतर ते संक्रांतीपर्यंत. आठ-दहा जण असतो: दोन शिक्षक, एक जंगम काका, पोस्टातून निवृत्त झालेले एक मामा, कॉलेजातली चार पोरं, आणि तोच माझा भाऊ. पलीकडच्या कब्रस्तानातले दोघे चुलते-पुतणे पहिल्याच रविवारी कुऱ्हाडी घेऊन आले, कारण बाभळीला हद्द कळत नाही. इकडची तोडली तर तिकडून येते.

पहिले काही रविवार आम्ही एक फांदीही तोडली नाही. फक्त माणसं आणून बसवली. ज्यांना चालवत नव्हतं त्यांना मोटारसायकलवर मधे बसवून आणलं. मामांनी दोनशे पानी वही घेतली. प्रत्येक ओट्याला, दगडाला, नुसत्या उंचवट्यालाही आकडा दिला, चुन्यानं जमिनीवर लिहिला, वहीत तोच आकडा घालून पुढे कोण, कुणाचं, साधारण कधी गेलं, आणि हे सांगितलं कुणी, ते लिहिलं. सांगणाऱ्याचं नाव लिहायचं हे जंगम काकांनी सुचवलं. दोन म्हाताऱ्यांनी एकाच दगडाखाली दोन वेगळी माणसं सांगितली तर दोन्ही लिहायची. आपण न्यायाधीश नाही.

त्या वहीतून जे वर आलं ते मी कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात वाचलं नव्हतं. एका कोपऱ्यात सगळे उंचवटे लहान, हातभर लांबीचे. पटकीच्या साथीत गेलेली लेकरं. एक ओटा रस्त्यानं चाललेल्या वाटसरूचा. तो गावात मुक्कामाला थांबला आणि रात्रीतून गेला, गळ्यात लिंग दिसलं म्हणून गावानं त्याला आपल्यात समाधी दिली. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही, पण माझ्या काकी अजून 'वाटसरू आप्पा' म्हणतात आणि येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, तिथे अंबिलाचा थेंब सांडतात. वहीत आम्ही तेच नाव लिहिलं.

*

दहन करणाऱ्यांचं स्मशान राखेबरोबर रिकामं होतं. पुरणाऱ्यांचं भरत जातं. नांदेड-लातूरकडे पुरणाऱ्यांची संख्या बाहेरच्या माणसाला वाटते त्याहून कितीतरी मोठी आहे. लिंगायत आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. दशनामी गोसावी आपल्या माणसाला बसवून समाधी देतात. महानुभाव पंथात देहाचा निक्षेप करतात आणि माहूर तर त्यांचं मोठं श्रद्धास्थान. ज्या समाजांत एरवी दहन असतं तेही लहान लेकरांना पुरतात.

शिवाय इथे समाधी हीच गावाची ओळख असते. उदगीरचं नाव ज्या उदयगिरींवरून पडलं असं सांगतात त्यांची समाधी किल्ल्यात आहे. १७६० साली याच उदगिरात सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. लढाई शाळेच्या पुस्तकात आली, समाधीला मात्र गावची माणसं आजही नारळ वाहतात. कंधारला हाजी सय्याह यांचा दर्गा आहे. बिलोलीला औरंगजेबाच्या काळातल्या सरफराजखानाची दगडी मशीद आणि दर्गा आहे. बीड जिल्ह्यात कपिलधारला सोळाव्या शतकातल्या मन्मथस्वामींची समाधी आहे आणि कार्तिकी पौर्णिमेला आमच्या भागातून तिथे पायी दिंड्या जातात. अहमदपूरचे डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज १ सप्टेंबर २०२० रोजी, वयाच्या १०४व्या वर्षी लिंगैक्य झाले. करोनाचे दिवस होते, गर्दीला मनाई होती, तरी अहमदपूरजवळच्या भक्तिस्थळाकडे लोकांचा ओढा थांबेना. सेवेकऱ्यांनी झाडलोट केलेली, फुलांनी लगडलेली ती समाधी बघून मला आनंद होतो, आणि मग आमच्या ओढ्याकाठचा ढीग आठवतो. मोठ्या समाधीला हात कमी पडत नाहीत. 'वाटसरू आप्पा'ला पडतात.

कब्रस्तानाचं व्याकरण मला त्या चुलत्यांनी शिकवलं. जुन्या दगडी कबरींवर मधोमध लांबट उंचवटा कोरलेला असेल तर ती पुरुषाची. त्याला कलमदान म्हणतात, लेखणी ठेवायची पेटी. वर सपाट पाटी असेल तर बाईची, ती तख्ती. एकाकडे लेखणी, एकीकडे पाटी. साध्या माणसांच्या कबरी मातीच्याच ठेवायच्या हा त्यांच्याकडचा आग्रह, म्हणून तिथेही नाव नाही, आणि शब-ए-बारातच्या रात्री सगळं गाव आपापल्या माणसाच्या डोक्याशी जाऊन उभं राहतं तेव्हाच कोण कुठे ते कळतं. त्या रात्री वही घेऊन फिरायचं त्यांनी ठरवलं. मला ही कल्पना फार आवडली. आमच्याकडे अशी एक ठरलेली रात्र नाही.

*

वहीनंतरचं काम कागदाचं, आणि मराठवाड्यात ते सोपं नाही. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो, दफ्तराची भाषा उर्दू होती. इनामी जमिनींचे मुंतखब उर्दूत. त्याही आधीचे कागद मोडीत. मग १९५४-५५चं खासरा पत्रक, आणि त्यानंतर आपला ओळखीचा सातबारा. या प्रत्येक वळणावर काहीतरी गळत गेलं. गावाला जी जागा 'आजोबापासून स्मशान' म्हणून ठाऊक असते ती कागदावर कधी गायरान असते, कधी पूर्वी कुणीतरी तोंडी दान दिलेली आणि अजून त्याच्याच वारसांच्या नावावर असलेली, कधी शेजारच्या गटात सरकलेली. दर नांगरटीला धुरा वीतभर पुढे येतो. तीस वर्षांत तो किती आला हे मोजणी केल्याशिवाय कळत नाही, आणि मोजणीची फी भरायला कुणी पुढे येत नाही, कारण फी भरताना फोटो निघत नाही. माझं ठाम मत आहे की स्मशानासाठी गोळा केलेला पहिला रुपया मोजणीला आणि हद्दीच्या दगडांना जावा. रोपं नंतर. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. हौसेनं लावलेल्या रोपांचं अशा वर्षात काय होतं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

शेतातल्या समाध्यांचं तर आणखी अवघड. लिंगायत आणि गोसावी घरांत आपल्याच रानात, विहिरीजवळ नाहीतर आंब्याखाली समाधी देण्याची रीत जुनी आहे. वाटण्या होतात, एक भाऊ पुण्याला जातो, त्याचा तुकडा विकला जातो. आजोबा तिसऱ्याच्या रानात राहतात. नव्या मालकानं दिवा लावू दिला तर त्याचे उपकार, ट्रॅक्टर फिरवला तर बोलायचं तोंड नाही. खरेदीखतात दोन ओळी घालता येतात: ही समाधी, एवढी जागा, जायला-यायला वाट. मी आता भेटेल त्या प्रत्येकाला हे सांगते.

आणि गावातलं स्मशान एक नसतं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जातवार जागा आहेत. वरच्या अंगाच्या जागेला रस्ता, शेड, पाण्याची टाकी. आणि मराठवाड्यातल्या कितीतरी दलित वस्त्यांना आजही हक्काची जागा नाही, भर पावसात ओढा ओलांडून मयत न्यावं लागतं, कधी दुसऱ्याच्या बांधावर अडवणूक होते. आमच्या वहीला 'गावाची वही' म्हणायचं असेल तर ती सगळ्या जागांची व्हायला हवी. तिसऱ्या वर्षी ती ओढ्यापलीकडे गेली. उशीर झाला. तिथल्या एका आजीनं एकेक उंचवटा दाखवत सतरा नावं एका दमात सांगितली, आणि मामांचा हात लिहिता लिहिता मागे पडला.

*

पुसलं जाणं म्हणजे काय, हे आमच्या तालुक्यानं ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे पाहिलं. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. आदल्या रात्री गणपतींचं विसर्जन झालेलं, माणसं उशिरा येऊन गाढ झोपलेली. किल्लारी, तळणी, मंगरूळ, होळी, पेठसांगवी, सास्तूर. जाड दगडी भिंती, मातीचा गिलावा आणि वर मातीचं जडशीळ माळवद. ज्या घरांनी उन्हाळ्यात गारवा दिला तीच अंगावर आली. सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यानंतर पाऊस लागला.

सरणाला लाकूड कुठून आणायचं? पडलेल्या घरांच्याच तुळया, खांब, दारं ओढून काढली. ज्या तुळईखाली माणूस गेलं तीच त्याला जाळायला लागली. एकेका चितेवर कितीतरी देह. जे एरवी पुरले गेले असते तेही जाळले गेले, कारण खड्डे खणायला माणसंच उरली नव्हती आणि रोगराईची भीती होती. आमचं गाव वाचलं, पण माझी एक आत्या तिकडे दिलेली होती. घरातल्या बायांना शेवटपर्यंत हेच खुपत राहिलं, की तिला बसवून नेता आलं नाही, हातावर लिंग ठेवता आलं नाही. समाधीच नाही तर अमावास्येला जायचं कुठे?

पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. नवी गावं सरळ रेषांची, रुंद रस्त्यांची, आणि जुनी गावं जागच्या जागी ढिगाऱ्यात. त्यावर येडी बाभळ आली. दर ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी पोलीस बंदुकांच्या फैरी झाडून मानवंदना देतात, अधिकारी येतात, फुलं वाहिली जातात. ते व्हायलाच हवं. पण मी तिथे गेले तेव्हा मला जास्त हलवून गेलं ते त्यानंतरचं. समारंभ आटोपला की काही माणसं स्तंभाकडे पाठ करून जुन्या गावाच्या बाजूला निघतात. हातात नारळ, उदबत्ती, एखाद्या बाईच्या हातात डबा. बाभळीतून वाकून आत शिरतात आणि एखाद्या उंबऱ्यापाशी थांबतात. बाहेरच्याला तो नुसता दगडांचा ढीग दिसतो. त्यांना स्वयंपाकघर दिसतं. त्यांच्यासाठी स्मशान म्हणजे ते घरच आहे, कारण माणूस तिथेच गेलं.

ज्यांना त्या पहाटेची गल्ली आठवते ते आता पन्नाशी-साठी ओलांडताहेत. कुणाचं घर कुठे, कोणत्या खोलीत कोण झोपलं होतं, हे सांगणारं तोंड आणखी वीस वर्षांनी नसेल. नवीन गावांतल्या शाळांतल्या पोरांनी आपल्या आजी-आजोबांना जुन्या गावात घेऊन जावं, गल्लीचा नकाशा काढावा, प्रत्येक चौकोनात नावं लिहावीत. सहावीतल्या पोराला जमेल असं हे काम आहे.

*

नोंद आधी, डागडुजी मागून, हा क्रम काही आम्ही शोधलेला नाही. पुण्याजवळ खडकीला युद्धस्मशान आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६०० हून अधिक सैनिकांच्या कबरी तिथे आहेत, हिरवळ कापलेली, दगड एकसारखे, अधिकारी आणि शिपाई यांच्यात फरक न करता. ते राष्ट्रकुलाच्या आयोगाचं, पगारी माणसांचं काम, आपल्याशी त्याची तुलना नको. मला तिथली दुसरी गोष्ट शिकण्यासारखी वाटते. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मेलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नुसती नावं तिथे कोरली आहेत. ते पुरलेले आहेत दुसरीकडे, लांबलांबच्या छावण्यांच्या दफनभूमीत, आणि तिथल्या कबरी आता सांभाळता येत नाहीत. कबर गेली तरी नाव उरलं, कारण ते आधी वहीत होतं. १९७६ साली ब्रिटनमध्ये थिऑन विल्किन्सन यांनी दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींसाठी संस्था काढली तेव्हा तिनंही सुरुवातीपासून कबरींवरचे लेख उतरवून घेण्यावर भर दिला. आपल्याकडे, साताऱ्याजवळ संगम माहुलीला महाराणी येसूबाईंची समाधी कोणती हे स्थानिक इतिहास अभ्यासकांना जुन्या कागदांचा माग काढत ठरवावं लागलं. छत्रपती संभाजी महाराजांच्या राणीची ही गत, मग खडी फोडणाऱ्या बाईचं काय.

आमच्याकडे कागद नाहीत, म्हणून माणसं हाच कागद. तो ओला झाला, फाटला की संपला.

हातानं करायच्या कामाबद्दलही चुका करत करत थोडं शिकलो. येडी बाभळ वरून छाटली तर दुप्पट जोमानं फुटते. जमिनीखालची गाठ काढावी लागते. पण ओट्याच्या पोटातून आलेली बाभळ किंवा पिंपळ ओढून काढायचा नाही. ओढलं की दगडही येतात. बुंधा कापून ठेवायचा, फूट आली की पुन्हा कापायची, मूळ आतल्या आत मरू द्यायचं. दगडाला तारेचा ब्रश नाही, ॲसिड नाही. पाणी आणि नारळाच्या काथ्याची किंवा केसांची मऊ कुंचली पुरते. ऑइलपेंट तर कधीच नाही. आमच्या पोरांनी एका जुन्या नंदीला हौसेनं चकचकीत रंग दिला, त्यात कोरलेल्या घुंगरमाळा बुजल्या. उदगीर-निलंग्याकडे जांभा दगड मिळतो, खरोशाची लेणीही जांभ्यातच कोरलेली आहेत. असल्या सच्छिद्र दगडाच्या सांध्यांत सिमेंट भरलं की ओल आत कोंडते आणि दगड पापुद्र्यांनी सुटतो. जुन्या चुन्याचा सांधा चुन्यानंच भरायचा. चुना मळणारे गवंडी अजून आहेत, विचारत गेलं की सापडतात. आणि वीरगळ, शिलालेख, कोरीव दगड दिसला तर हलवायचा नाही, धुवायचाही नाही. जागेवर फोटो काढून पुरातत्त्व विभागाच्या नांदेड कार्यालयाला कळवायचं. होट्टलसारखी चालुक्यकालीन गावं आपल्या भागात आहेत. स्मशानाच्या कडेला पडलेला दगड हजार वर्षांचा असू शकतो.

वीरगळ वाचायला शिकलेली पोरं तर वेडी होतात. सगळ्यात खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेताहेत, वर तो पिंडीसमोर हात जोडून बसलेला, आणि डोक्यावर चंद्र-सूर्य. तिथेही नाव बहुधा नसतंच. आपला मुलूख फार आधीपासून नाव न लिहिता माणूस लक्षात ठेवत आलाय.

*

ओढ्याकाठचा ढीग आम्ही हलवलेला नाही. सिमेंटचा एक ओटा करून त्यावर ते सगळे दगड रचावेत असं काहींचं म्हणणं होतं, 'अज्ञात पूर्वज' अशी पाटी लावून. मी नको म्हटलं. ते अज्ञात नाहीत. आपल्याला माहीत नाहीत, एवढंच.

गेल्या पावसाळ्यानंतर पहिल्या रविवारी गेलो तेव्हा भावानं मला हाक मारली. सपाट केलेल्या जमिनीत, नवीन वाटेच्या अगदी कडेला, वीतभर उंचीचे तीन धुमारे आले होते. तीन-तीन पानांचे, काट्यांचे. बेल. खोड उपटून नेलं होतं, पण बेलाची मुळं लांब पसरतात आणि त्यांतून असे कोंब वर येतात. म्हणजे झाड होतं ते इथेच, पाच-सहा पावलांच्या आत कुठेतरी.

काकींना आणलं. त्या आता नव्वदीच्या घरात आहेत, डोळ्यांनी फारसं दिसत नाही. त्यांना कोंबांपाशी उभं केलं. त्यांनी चप्पल काढली, काठीनं जमीन चाचपली, तोंड ओढ्याच्या आवाजाकडे केलं.

"बेलाखाली बसलं की वढा उजव्या हाताला ऐकू यायचा," त्या म्हणाल्या. "आन देवळाचा कळस म्होरं दिसायचा." मग हळूहळू दोन पावलं मागे सरकल्या, थांबल्या, अर्धं पाऊल पुढे आल्या. "हितं. न्हाईतर जरा तिकडं. पर हितंच बग."

मामांनी चुन्याची चिमूट सोडली आणि वही उघडली. आकडा २१४. पुढे त्यांनी पणजीचं नाव लिहिलं, खाली 'जागा अंदाजे. सांगणार काकी', आणि काकींना अंगठा उमटवायला सांगितला. भावानं कोंबांभोवती तीन काठ्या रोवल्या आणि घागरीतलं पाणी घातलं.